माळवदाच्या घरातली जुनी वायरिंग

फ्रिजच्या दाराला हात लावला की बोटांना मुंग्या येतात का हो तुमच्या घरी? न्हाणीघरात ओल्या हातानं नळ सोडताना कधी झिणझिणतं? मिक्सर लावला की माजघरातला दिवा डोळा मिचकावतो? आणि या सगळ्यावर घरातल्या मंडळींचं उत्तर एकच असतं का, की "चपला घालून काम करत जा"?

असं असेल तर भगिनींनो, हातातलं निवडण जरा बाजूला ठेवा आणि पुढचं वाचा. कारण घरातली वीज दिवसभर वापरते कोण? आपण. झटका खाते कोण? आपण. आणि "चालतंय की इतकी वर्षं, आताच काय झालं?" असं म्हणतं कोण, ते काही सांगायला नको.

मनमाडहून निघालेली गाडी रोटेगाव, परसोडा, करंजगाव करत लासूर स्टेशनला येते. मूळ लासूर गाव शिवना नदीकाठचं, दाक्षायणी देवीचं. स्टेशनची वस्ती वाढली ती रेल्वेमुळे. निजामाच्या काळात मीटरगेजचा रूळ पडला, मागोमाग व्यापारी आले, आडत दुकानं आली, बाजार भरू लागला. कापूस, मका, कांदा यांच्या व्यापारावर घरं उभी राहिली. खाली दुकान, मागं कोठार, वर बिऱ्हाड. पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, सागवानी खांब, तुळया आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात अशा घरात शिरलं की अंग निवतं. सिमेंटच्या स्लॅबला ते सुख नाही, हे दोन्हीकडं राहिलेली कुणीही बाई सांगेल. नव्वदच्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलं, अलीकडं रुळांवर विजेच्या ताराही आल्या. पण स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर अजूनही अशी माळवदाची घरं आहेत, आणि त्यांच्या तुळयांवरून धावणारी वायर मात्र आजेसासऱ्यांच्या वेळची.

ही वायर आली कधी? महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं २० जून १९६० रोजी. मराठवाड्यातल्या लहानमोठ्या गावांत वीज पोचली ती बहुतेक त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत. तेव्हाचा मिस्त्री सागवानी पट्ट्या भिंतीवर ठोकायचा, त्यावर वायर ठेवून पत्र्याच्या छोट्या क्लिपांनी आवळायचा, आणि दाराशेजारी लाकडी बोर्डावर गोल काळी बटणं बसवायचा. काम नेटकं असे, अगदी ओळंब्यात. आजही त्या पट्ट्या पाहून मिस्त्रीचं कौतुक वाटतं. पण ती वायर आतून काय होती? तांब्याच्या तारेवर रबर, रबरावर सुती विणकर किंवा आणखी एक रबराचं वेष्टण. आणि रबराचं आयुष्य तुमच्या प्रेशर कुकरच्या रिंगेवरून ओळखा. नवी असते तेव्हा लवचिक, मग ताठर, मग भेगा, मग तुकडे. कुकरची रिंग आपण बदलतो, कारण शिट्टी होत नाही. वायरचं रबर तुळईवर निमूटपणे भुगा होत राहतं, त्याला शिट्टी नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत तांबं महाग आणि परदेशातून आणावं लागे, म्हणून पुष्कळ घरांत ॲल्युमिनियमची वायर पडली. ती वाईटच असते असं नाही. पण स्क्रूखाली दाबली की हळूहळू सैल होते, आणि तिला तांब्याची तार नुसता पीळ मारून जोडली, वर चिकटपट्टी गुंडाळली, तर तो जोड आतून गंजतो, तापतो. जुन्या घरात असे जोड कुठं कुठं आहेत हे देवालाच ठाऊक. पुतण्याच्या लग्नात काढलेला एक, टीव्ही आला तेव्हा काढलेला एक, कूलरसाठी एक.

चार दिव्यांची वायर आणि आजचा संसार

जरा हिशेब मांडू. भाजीवाल्याशी घालतो तसाच, अवघड काही नाही. वस्तूवर लिहिलेले वॅट भागिले २३० केले की अँपिअर येतात, म्हणजे वायरमधून किती वीज वाहते ते. जुन्या घरात होतं काय? साठ वॅटचे चार दिवे, एक पंखा, एक रेडिओ. सगळे मिळून साडेतीनशे वॅटच्या आत, म्हणजे दीड अँपिअर.

आता आजची सकाळ घ्या. न्हाणीत गीझर २००० वॅट. हौदातून टाकीत पाणी चढवणारी एक हॉर्सपॉवरची मोटर, साधारण १००० वॅट. शाळेच्या गणवेशावर इस्त्री, १००० वॅट. चटणीला मिक्सर ६०० आणि फ्रिज २००. बेरीज ४८०० वॅट, म्हणजे जवळजवळ २१ अँपिअर. दीडवरून एकवीस! बरं, वायरची उष्णता विजेच्या दुपटीला दुप्पट होत नाही, चौपट होते. तिप्पट वीज गेली तर नऊपट. आता त्या सुकल्या रबराची काय गत होत असेल बघा, आणि ते रबर टेकलंय कशाला, तर पन्नास-साठ वर्षं वाळलेल्या सागवानाला.

एवढी वीज ओढली की फ्यूज जायला हवा. त्याचं कामच ते. पण आपल्याकडं फ्यूज वारंवार गेला की इलाज काय करतात? पाच अँपिअरच्या तारेऐवजी वायरचे तीन-चार पदर काढून घालतात. काही घरांत मी चिनीमातीच्या फ्यूजमध्ये केसांचा आकडाही पाहिला आहे. मग फ्यूज जात नाही, हे खरं. पण घरातली सर्वांत नाजूक जागा जी फ्यूजमध्ये असायला हवी ती आता भिंतीवर कुठंतरी आहे, आणि तारेऐवजी तिथं वायर जळणार.

जुन्या बोर्डावर बहुधा दोन फ्यूज दिसतील, एक फेजला आणि एक न्यूट्रलला. हे वरवर दुप्पट सुरक्षित वाटतं. आहे उलट. न्यूट्रलचा फ्यूज उडाला तर दिवा विझतो, पंखा थांबतो, आपण म्हणतो वीज गेली, आणि स्टुलावर चढून होल्डरला हात घालतो. वायरमध्ये मात्र फेज जिवंत असतो. म्हणूनच १९५६ च्या वीज नियमांपासून न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटं बटण घालायला मनाई आहे. बटण नेहमी फेजवर हवं. बटण बंद केल्यावरही एल.ई.डी. दिवा मंद मिणमिणत राहत असेल, तर बटण न्यूट्रलवर असल्याचा तो एक संशय. वायरमनकडून बघून घ्या.

अर्थिंग कुठं गेलं?

आता मुंग्यांकडं येऊ, कारण खरा जीव तिथं अडकलेला आहे.

जुन्या घरात दोनच वायरी यायच्या, जाणारी आणि येणारी. तिसरी, म्हणजे अर्थिंगची, दिव्यांना लागत नसे म्हणून घालत नसत. पुढं इस्त्री आली, फ्रिज आला, तेव्हा मिस्त्रीनं शक्कल लढवली. अर्थिंगची तार नेऊन नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली. पाइप जमिनीत गेलेला, त्यामुळे बरी-वाईट का होईना, सोय झाली. मग दहा-पंधरा वर्षांपूर्वी पाइप गंजले म्हणून तुम्ही प्लॅस्टिकचे घातले ना? त्या दिवशी घरातलं अर्थिंग गेलं. तार अजून तिथंच आहे, पाइपाच्या उरल्यासुरल्या लोखंडी तुकड्याला बांधलेली. पण तिचा जमिनीशी संबंध तुटला. उलट धोका वाढला, कारण आता फ्रिजमधून वीज बाहेर झिरपली तर ती त्या तारेवरून नळाच्या तोटीपर्यंत येते आणि तुमच्या ओल्या हाताची वाट पाहत थांबते.

काही ठिकाणी तर तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थच्या भोकाला आतून न्यूट्रलची वायर जोडून दिलेली असते. टेस्टर लावला की सगळं ठीकठाक दिसतं. आणि न्यूट्रल कुठं तुटला की फ्रिजचं सगळं अंग जिवंत होतं. असं कुणी करून ठेवलं असेल तर ते आधी काढायला लावा.

चांगलं अर्थिंग म्हणजे घराबाहेर, भिंतीपासून दीड मीटर तरी लांब, अडीच मीटर लांबीचा जस्ती पाइप जमिनीत पुरलेला, भोवती कोळसा आणि मीठ, वर झाकणाचा छोटा हौद. आपली जमीन काळी. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते, तेव्हा अर्थिंग उत्तम चालतं. एप्रिल-मे महिन्यांत तीच जमीन भेगाळते, पाइपाला सोडते, आणि नेमकं तेव्हाच कूलर रात्रंदिवस चालू असतो. कूलर म्हणजे पत्र्याची पेटी, आत मोटर आणि भरपूर पाणी. उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालता ना, तसं दोन-चार दिवसांआड एक बादली अर्थिंगच्या खड्ड्यातही ओतत जा. हे काम फुकटातलं आहे आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

पण नुसत्या अर्थिंगवर आता भागत नाही. मेन बोर्डावर अर्थ लीकेज ब्रेकर हवा. आर.सी.सी.बी. म्हणा, दुकानदार काहीही म्हणो, त्यावर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं पाहून घ्या. तो करतो काय? धोब्याला कपडे देताना आपण मोजतो आणि परत घेताना मोजतो, तसा तो घरात गेलेली आणि घरातून परतलेली वीज सतत मोजत असतो. तीस मिलिअँपिअर कमी भरली, म्हणजे ती कुठंतरी भलत्या वाटेनं, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत गेली असं समजून डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. साठ वॅटच्या दिव्यातून साधारण २६० मिलिअँपिअर वाहतात, तीस म्हणजे त्याचा नववा भाग. माणसाच्या छातीतून तेवढी वीज थोडा वेळ टिकली तरी जीव धोक्यात येतो. नुसता फ्यूज किंवा एम.सी.बी. इथं उपयोगाचा नाही. तो वायरला वाचवतो, माणसाला नाही. पाच अँपिअरचा फ्यूज जायला पाच हजार मिलिअँपिअरच्या वर वीज लागते, मग माणसाचं काय उरलं!

या ब्रेकरची एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. जुन्या वायरिंगवर तो बसवला की पहिल्याच दिवशी पाच वेळा पडतो. घरात सगळे वैतागतात. मालिका ऐन रंगात असताना अंधार. मग मिस्त्री येतो, "मशीनच खराब आहे" म्हणतो आणि दोन वायरी बाहेरून जोडून ब्रेकर बाजूला टाकतो. बोर्डावर ब्रेकर दिसतो, काम काही करत नाही. भगिनींनो, ब्रेकर पडतो याचा अर्थ घरात गळती आहे आणि ती त्याला सापडली आहे. घरातला दूधवाला पाणी घालतो हे सांगणाऱ्या मोलकरणीलाच कामावरून काढावं, तसला हा प्रकार. गळती शोधा. एकेक खोलीची लाइन सोडवून पाहिली की अर्ध्या दिवसात सापडते.

मात्र एक अडचण वाड्यातच येते, फ्लॅटमध्ये नाही. वाटण्या झालेल्या असतात. एका वाड्यात दोन भावांचे दोन मीटर, पण वायर जुनीच, तिला वाटण्या कुठल्या ठाऊक! थोरल्या दिरांच्या खोलीतल्या दिव्याचा फेज त्यांच्या मीटरचा, न्यूट्रल मात्र आपल्याकडचा. मग गेलेली आणि आलेली वीज जुळणार कशी? ब्रेकर पडतच राहणार. यापेक्षा वाईट म्हणजे आपण आपला मेन बंद करून निर्धास्तपणे काम करायला घेतो आणि शेजारच्या मेनची वीज आपल्या भिंतीत खेळत असते. म्हणून जावाजावांत बोलणं असो नसो, वायरिंगचं काम काढण्यापूर्वी दोन्ही घरांनी एकदा एकत्र बसावं आणि वायरी वेगळ्या करून घ्याव्यात. जमिनीच्या वाटणीपेक्षा ही सोपी आहे.

तपासणी घरच्या घरी

वायरमनला बोलावण्याआधी काही गोष्टी आपण बोर्डाचा एकही स्क्रू न काढता पाहू शकतो. रात्री घर शांत असताना सगळी बटणं बंद करा, फ्रिज, टीव्ही, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांचे प्लग काढा, मेन मात्र चालू ठेवा, आणि मीटरसमोर पाच मिनिटं उभ्या राहा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला पाहिजे. तो लुकलुकत राहिला तर कुठंतरी वीज झिरपते आहे. पुष्कळ इलेक्ट्रॉनिक मीटरांवर गळती दाखवणारा वेगळा दिवाही असतो, तो पेटलेला आहे का बघा. ही गळती बिलातही येते, हे घरच्या मंडळींना सांगायला विसरू नका. जिवाच्या भीतीनं जे हलत नाहीत ते बिलानं हलतात, असा माझा अनुभव आहे.

इस्त्री पंधरा मिनिटं चालल्यावर सॉकेटच्या वरून हाताची पालथी बाजू धरा. कोमट ठीक, गरम नको. सॉकेटभोवती पिवळट-काळा डाग, बटण दाबताना चरचर, जळक्या प्लॅस्टिकचा किंवा मासळीसारखा वास, यातलं काहीही असेल तर ते सॉकेट त्या क्षणापासून वापरायचं नाही. माळवद गळतं त्या जागेखालून वायर गेली आहे का, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसणार, कारण पावसाळ्यात तिथं पातेली तुम्हीच ठेवता. कोठाराजवळ, बळदाजवळ उंदीर-घुशींनी वायर कुरतडली आहे का, तेही बघा. लांबून. हात लावायचा नाही.

आणि ती पाणी तापवायची कांडी! बादलीत टाकतात ती. जुन्या दोन पिनांच्या सॉकेटवर ती लावणं म्हणजे खरोखर जिवाशी खेळ. कांडी बादलीत असताना पाण्यात बोट घालून "तापलं का" बघायची सवय कितीजणींना आहे! आधी प्लग काढायचा, मग बोट. मुलांना तर त्या बाजूला फिरकूच देऊ नका.

काम करून घेताना

तुमच्या घराच्या मीटरपर्यंतची वायर महावितरणची (२००५ साली मंडळाची विभागणी झाली तेव्हापासून हे नाव), मीटरच्या पुढची तुमची. सर्व्हिस वायर सैल झाली, खांबावर ठिणग्या दिसल्या तर १९१२ क्रमांकावर तक्रार करा. काही दिवे एकदम लख्ख आणि काही मंद झाले तर ताबडतोब मेन बंद करा. खांबावरचा न्यूट्रल सुटल्याचं ते लक्षण असू शकतं आणि त्यात टीव्ही-फ्रिज क्षणात जळतात.

मीटरच्या पुढचं काम मात्र परवानाधारकाकडूनच. आय.टी.आय.मधून वीजतंत्री किंवा तारतंत्रीचा अभ्यासक्रम केलेली, सरकारी परवाना असलेली माणसं आता तालुक्याच्या गावी मिळतात. परवाना दाखवायला सांगायला लाजू नका. सोनाराकडं हॉलमार्क बघताना लाजतो का आपण? काम संपल्यावर परवानाधारक ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट लेखी घ्या. त्याच्याकडं मेगर नावाचं यंत्र हवं. वायरीत ५०० व्होल्टचा दाब देऊन तो वेष्टण किती शाबूत आहे हे मोजतो, आकडा एक मेगाओहमच्या खाली असता कामा नये. "मेगर कशाला, टेस्टरनं कळतं की" असं म्हणणारा मिस्त्री दिव्याचं होल्डर बदलायला चांगला, घराच्या वायरिंगला नको.

वायर आय.एस.आय. खुणेची, तांब्याची आणि ज्वालारोधक, म्हणजे वेष्टणावर एफ.आर. छापलेली घ्या. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटर, मिक्सर-इस्त्रीच्या सॉकेटांना अडीच, गीझर किंवा ए.सी.ला चार, आणि या प्रत्येकाला स्वतंत्र वायर थेट मेन बोर्डापासून. दीडच्या वायरला दहाचा एम.सी.बी., अडीचला सोळाचा, चारला वीस किंवा पंचवीसचा. एम.सी.बी. सारखा पडतो म्हणून मोठा बसवून देतो, असं कुणी म्हणालं तर ती केसांच्या आकड्याचीच नवी आवृत्ती समजा.

स्वतंत्र वायर का, हे समजायला एक मोठी गोष्ट सांगते. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो शहरात १८१८ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय संग्रहालय होतं, जुन्या राजवाड्यात. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ते जळालं. सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह होता, त्यातला बहुतेक गेला. पोलिसांच्या तपासात निघालं काय? आग सभागृहातल्या ए.सी.पाशी सुरू झाली. तीन ए.सी. होते, प्रत्येकाला वेगळा ब्रेकर नव्हता, आणि एकाला अर्थिंग नव्हतं. राजवाड्याचं जे झालं त्याला कारण आपल्या घरातलंच आहे, वेगळं काही नाही.

माळवदाच्या घरात वायर न्यायची कुठून, यावर घरोघरी वाद होतो. नव्या पद्धतीचा मिस्त्री म्हणतो भिंत फोडून आत पाइप टाकू, दिसायला छान. सिमेंटच्या भिंतीत ते ठीक. पांढऱ्या मातीच्या भिंतीत आडवी चर मारली की भिंतीचा तोल जातो, पावसाळ्यात तिथंच पोपडे धरतात आणि ओल थेट वायरपाशी पोचते. अशा भिंतीत खोदाखोद नको. वायर वरूनच, प्लॅस्टिकच्या केसिंगमधून न्या. तुळईच्या कडेनं नेली आणि केसिंगला लाकडासारखा तपकिरी रंग दिला तर नजरेतही येत नाही. लाकडी तक्तपोशीतून वर न्यायची असेल तिथं धातूच्या नळीतून न्या, उंदरांची आणि आगीची दोन्ही काळजी मिटते. माळवदाच्या मातीत मात्र वायर पुरायची नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी. सासूबाईंना जुनी गोल बटणं जिवापाड आवडत असतील तर लाकडी बोर्ड शोभेला ठेवा, आतल्या वायरी काढून टाका. जुनी वायर निकामी केली म्हणून तशीच भिंतीवर सोडून देऊ नका. दहा वर्षांनी कुणीतरी ती जिवंत करतं.

पैशांचा प्रश्न आहेच. सगळं घर एका वर्षात जमत नसेल तर अर्धवट सगळीकडं करण्यापेक्षा क्रम लावा. पहिल्यांदा मेन बोर्ड, अर्थिंग आणि लीकेज ब्रेकर. दोन-तीन हजारांच्या आसपास एक चांगला ब्रेकर येतो, एका बऱ्या साडीची किंमत. मग स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांना नवी वायर, कारण पाणी आणि मोठी यंत्रं तिथंच. माळ्यावरचे, ओसरीवरचे दिवे तूर्त जुन्या वायरवर राहू द्या, फक्त त्यांना सहा अँपिअरचा एम.सी.बी. लावा आणि तिथल्या सॉकेटांची तोंडं कायमची बंद करा, म्हणजे पाहुणे आले की कुणी वर इस्त्री लावणार नाही. घरात वीज वापरणारी यंत्रं वाढली असतील तर बिलावरचा मंजूर भार बघा आणि तो वाढवून घेण्याचा अर्ज महावितरणकडं करा.

खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असलेल्या घरांना एक जास्तीचं सांगणं. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे खालच्या शिवणकामाच्या दुकानाला आग लागली आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या एका कुटुंबातली सात माणसं धुरानं गुदमरून गेली. ज्वाला वर पोचायच्या आधी धूर पोचतो, आणि आपल्या जुन्या घरांना जिना एकच, तोही दुकानातून जाणारा. दुकानाचा मेन स्विच वेगळा ठेवा, रात्री दुकान बंद करताना तो पाडायची सवय लावा, दुचाकीची बॅटरी रात्रभर जिन्याखाली चार्जिंगला लावू देऊ नका. माळवदावर निघायचं दार रात्री कुलपात नको, कडी पुरे.

आग विजेची असेल तर पाणी नाही. आधी मेन, मग कोरडी वाळू किंवा माती, नाहीतर पावडरचं अग्निशामक नळकांडं. कुणाला झटका बसून चिकटलं असेल तर मायेनं धावून हात धरू नका, तुम्हीही चिकटाल. मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या पाटावर उभं राहून कोरड्या काठीनं वायर दूर सारा, आणि १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर गाडी येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरानं, भरभर दाबत राहायचं, मिनिटाला शंभराच्या वर. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन बंद केल्यावरही काही दिवे-पंखे जिवंत असतात, म्हणून इन्व्हर्टरचं बटण कुठं आहे हे घरातल्या लहानथोर सगळ्यांना दाखवून ठेवा.

नवरात्रात आणि दिवाळीत माळा लागतात. देवघरातल्या, ओसरीवरच्या, तुळशीच्या. त्या सगळ्या एकाच मल्टिप्लगवर नकोत, आणि दाराच्या फटीतून दाबून नेलेली वायर तर नकोच.

काम झाल्यावर मेन बोर्डाच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. कुठला एम.सी.बी. कशाचा, ते मराठीत, ठळक अक्षरांत. वायरमन हे लिहून देत नाही, त्याच्याकडून विचारून आपणच लिहावं लागतं. आणि लीकेज ब्रेकरवर टेस्ट असं लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून बघा, विजेचं बिल येतं त्या दिवशी दाबलं तर लक्षात राहतं. दाबलं की ब्रेकर पडलाच पाहिजे. नाही पडला तर तो बदला. फक्त दाबण्याआधी टीव्हीसमोर बसलेल्यांना एकदा सांगा, नाहीतर वायरिंगवरचं भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं.